सैन्याची गाडी बाद कधी ठरते? एका जुन्या जिप्सीवरून पडलेला प्रश्न

प्रश्न : संगमेश्वरचा गॅरेजवाला

सर्वांना नमस्कार. संगमेश्वर तालुक्यात महामार्गालगत माझे छोटे गॅरेज आहे आणि २२ वर्षे मी हाच व्यवसाय करतो आहे. आमच्या पंचक्रोशीतील एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी सैन्याच्या लिलावातून सुटलेली मारुती जिप्सी चार वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून घेतली. गेल्या महिन्यात ती गाडी मागच्या बाजूने खडखड आवाज येतो म्हणून माझ्याकडे आली. प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) गेला होता, तो अर्ध्या दिवसात बदलून झाला. मात्र गाडीखाली झोपून काम करताना जे दिसले ते डोक्यातून जात नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

मागच्या नंबरपाटीच्या रंगाचे थर उडालेले होते आणि त्याखाली बाणाची खूण आणि '०४' हे दोन आकडे पुसट दिसत होते. म्हणजे गाडी २० वर्षांची असावी, असा मी अंदाज केला. तरीही प्रत्येक ग्रीस निपलच्या (ग्रीस भरण्याच्या बोंडाच्या) तोंडाशी जुन्या ग्रीसवर नव्या ग्रीसचे वळे होते, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे आले आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसमधून तेलाचा एक थेंबही गळत नव्हता. खासगी गिऱ्हाइकाची १० वर्षांची गाडी या अवस्थेत माझ्याकडे क्वचितच येते. याउलट ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबल्यावर आत गेला. सुभेदारसाहेब सांगतात की गाडी घेतली तेव्हा तो पत्रा घट्ट होता. म्हणजे आधीच्या सगळ्या वर्षांत जे झाले नाही ते कोकणातल्या चार पावसाळ्यांनी केले.

माझे विचारणे असे की, इंजिन आणि चाल इतकी चांगली असलेली गाडी सैन्य काढून का टाकते? वय झाले म्हणून, किलोमीटर भरले म्हणून, की आणखी काही कारण असते? आणि एखादी गाडी ३० वर्षे तीच ठेवणे किंवा ती बदलून दुसरी आणणे, हा निर्णय कोणत्या हिशेबाने घेतला जातो? ज्यांनी हे काम आतून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त हवालदार, मंडणगड

मी ईएमई म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स या कोअरमध्ये २४ वर्षे व्हेईकल मेकॅनिक होतो. ही कोअर १९४३ साली उभी राहिली आणि १५ ऑक्टोबरला आम्ही तिचा दिवस साजरा करतो. जे सर्वांसमोर सांगता येण्यासारखे आहे तेवढेच लिहितो.

तुमचा अंदाज बरोबर आहे. बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात दाखल झाल्याचे वर्ष सांगतात, तेव्हा ती गाडी २००४ ची आहे. आमच्याकडे गाड्यांचे तीन मोठे गट मानतात. रणगाडे आणि चिलखती गाड्या 'ए' गटात, जिप्सी, स्टॅलियन ट्रक, टाटाचा अडीच टनी ट्रक अशा बिनचिलखती गाड्या 'बी' गटात आणि डोझर, क्रेन यांसारखी यंत्रे 'सी' गटात येतात. तुमचा प्रश्न 'बी' गटाचा आहे आणि संख्येने हाच गट सर्वांत मोठा असतो.

निपलवरच्या ग्रीसचे वळे तुम्ही टिपलेत, याचे फार समाधान वाटले. त्यामागे फर्स्ट परेड नावाची शिस्त आहे. सकाळी गाडी हलण्यापूर्वी ड्रायव्हरने तेल, पाणी, बॅटरी, टायरची हवा, फॅनचा पट्टा आणि गाडीखालचे डाग पाहायचे, आणि संध्याकाळी गाडी उभी करताना पुन्हा पाहायचे. ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेरचे काम युनिटच्या मेकॅनिककडे जाते, त्याच्याही पलीकडचे फील्ड वर्कशॉपकडे आणि गाडी पूर्ण उघडून नव्याने बांधायची असेल तर बेस वर्कशॉपकडे. आपल्याला जवळचे उदाहरण म्हणजे खडकीचे ५१२ आर्मी बेस वर्कशॉप. दिल्ली, जबलपूर, आग्रा, मेरठ, बंगळूर येथेही अशी वर्कशॉप आहेत. या उतरंडीचा हेतू असा की दुरुस्ती होता होईल तो गाडीच्या जवळ व्हावी आणि ज्याला मोठी यंत्रे लागतात तेवढेच काम मागे जावे.

आता गाडी बाद कशी होते ते सांगतो. प्रत्येक प्रकाराला वर्षे आणि किलोमीटर या दोन्हींची मर्यादा दिलेली असते. मर्यादा भरली म्हणजे गाडी लगेच भंगारात जात नाही. तिची तपासणी होते आणि अवस्थेप्रमाणे वर्ग ठरतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या उरलेल्या उपयोगाशी जुळत नसेल तर तिला 'बीईआर' म्हणतात, म्हणजे दुरुस्त करणे परवडण्यापलीकडची. अशा गाड्या डेपोत जमा होतात आणि लिलावाने विकल्या जातात. तुमच्या जिप्सीचे इंजिन चांगले असूनही ती बाद ठरली, यात विसंगती नाही. घरगुती गाडी रस्त्यात थांबली तर आपण कोणाला तरी फोन करतो. १५,००० फुटांवर रसद घेऊन चाललेली गाडी थांबली तर तिच्यामागचा अख्खा ताफा थांबतो, म्हणून 'चालते आहे' आणि 'भरवशाची आहे' या दोन गोष्टींत तिथे फार अंतर असते.

परंतु माझ्या अनुभवाने सांगतो, वय आणि किलोमीटर ही कागदावरची कारणे झाली. गाडीचा खरा शेवट सुट्या भागांनी होतो. एका हिवाळ्यात आमच्याकडे एक स्टॅलियन १९ दिवस उभी होती. इंजिन ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत. मागच्या हबचे ऑइल सील गेले होते आणि ते सील साठ्यात नव्हते. हाताच्या तळव्यात मावेल एवढी ती रबराची कडी. तेल ब्रेकच्या लायनरवर उतरत होते, त्यामुळे गाडी घाटात पाठवणे शक्यच नव्हते. रोज सकाळी ड्रायव्हर तिच्यावरचे बर्फ झाडायचा, इंजिन चालू करून १५ मिनिटे फिरवायचा आणि बंद करायचा. शेवटी वरून परवानगी घेऊन दुसऱ्या अपघातग्रस्त गाडीचे सील काढून तिला लावले. हा उपाय एकदा करण्यापुरता ठीक आहे, पण सवय लागली तर वर्षभरात दोन उभ्या गाड्यांच्या चार होतात, कारण जिचे भाग काढले ती पुन्हा कधीच पूर्ण होत नाही.

म्हणून गाडी बदलायची की ठेवायची, हे ठरवताना पहिला प्रश्न असा असावा की पुढची १५ वर्षे तिचे सील, बेअरिंग, क्लचप्लेट आणि ब्रेकचे किट कोण बनवणार आहे. जुन्या लोकांना शक्तिमान आठवत असेल. जर्मनीच्या 'मान' (MAN) या कंपनीच्या परवान्याने जबलपुरात १९५९ पासून तो ट्रक बांधला जात होता, आधी गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे १९६९ मध्ये उभ्या राहिलेल्या व्हेईकल फॅक्टरीत. निस्सानच्या परवान्याची जोंगा ही जीपही जबलपूरचीच. शक्तिमान बाजारात विकला जात नव्हता, त्यामुळे त्याचा भाग बाजारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता, पण कारखाना आपला असल्यामुळे भाग बनत राहिले. कारखान्यातील त्याच्या उत्पादनाची ओळ बंद झाली आणि मग मात्र चांगल्या गाड्याही दोन-चार वर्षांत दिसेनाशा झाल्या.

उत्तर २ : एसटीचा निवृत्त कारागीर, कणकवली

हवालदारसाहेबांचे लिहिणे वाचून माझीच नोकरी आठवली. मी सैन्यात नव्हतो, पण ३१ वर्षे एसटीच्या आगारात काम केले. फोंडा आणि करूळ घाट चढउतार करणाऱ्या गाड्यांचे ब्रेक लायनर पठारावरच्या गाड्यांच्या कितीतरी आधी संपतात, हे मी हाताने बदलून पाहिले आहे. त्यामुळे 'अमुक किलोमीटरला अमुक भाग' हे कोष्टक कोणत्याही मोठ्या ताफ्याला आंधळेपणाने लावता येत नाही, हे पहिले सांगणे.

दुसरे सांगणे महत्त्वाचे आहे. आगारात आम्ही इंजिन उघडत बसत नसू. बिघडलेले इंजिन उतरवायचे, साठ्यातले तयार इंजिन चढवायचे, गाडी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फेरीला सोडायची आणि उतरवलेले इंजिन सावकाश दुरुस्तीला पाठवायचे. मोठी कामे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत होतात. ही पद्धत चालण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे गाड्या एकसारख्या हव्यात. १०० गाड्या एका बनावटीच्या असतील तर पाच-सहा इंजिने राखीव ठेवून भागते. त्याच १०० गाड्या चार बनावटींच्या झाल्या की प्रत्येकीसाठी वेगळी राखीव इंजिने, वेगळे पाने, वेगळी फिल्टर आणि वेगळ्या कारागिराचे प्रशिक्षण लागते. जागा तेवढीच राहते, पण फडताळे मात्र चौपट लागतात. सैन्याच्या ताफ्यात तर गाडी आज राजस्थानात आणि दोन वर्षांनी अरुणाचलात असते. तिच्यामागे तिचे फडताळही फिरावे लागते.

एक माहिती येथे जोडतो, कारण वयाचा प्रश्न निघाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि हा नियम एसटीसारख्या महामंडळांनाही लागू आहे. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी प्रत्यक्ष कामात वापरल्या जाणाऱ्या विशेष गाड्या, उदाहरणार्थ चिलखती गाड्या, त्यातून वगळलेल्या आहेत. मला हा अपवाद योग्य वाटतो. रणगाड्याचे वय जन्मतारखेवरून काढण्यात अर्थ नाही. त्याचे इंजिन किती तास चालले आणि शेवटचे ओव्हरहॉल कधी झाले, हेच त्याचे वय.

प्रश्नकर्ता : संगमेश्वरचा गॅरेजवाला

दोघांचेही मनापासून आभार. ऑइल सीलची हकिकत वाचताना माझ्याच गॅरेजमागे एका भागासाठी दोन महिने उभी असलेली गाडी डोळ्यांसमोर आली. आता शंका अशी की, गाड्या एकसारख्या असणे इतके मोलाचे आहे, तर जिप्सीच्या जागी सफारी, स्कॉर्पिओ, गुरखा अशा वेगवेगळ्या गाड्या का आल्या? जिप्सीच पुढे का चालू ठेवली नाही?

उत्तर ३ : यंत्र अभियांत्रिकीचा अध्यापक, सावंतवाडी

या विषयावर मी अनेक वर्षे वाचन करतो आहे आणि विद्यार्थ्यांना ताफ्याच्या आयुष्यखर्चाचे उदाहरण म्हणून जिप्सीच देतो.

जिप्सी १९९० च्या दशकाच्या आरंभी सैन्यात आली. तिची थोरवी तिच्या हलकेपणात होती. सुमारे एक टन वजन, १.३ लीटरचे साधे पेट्रोल इंजिन, शिडीसारखी चासी, चारही चाकांना पाट्यांच्या स्प्रिंगा आणि लो रेशोसह (अवघड जागी जादा जोर देणाऱ्या गिअरसह) फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद. चिखलात रुतली तर पाच-सहा जवान तिला ढकलून बाहेर काढत. तिची मर्यादाही त्याच हलकेपणात होती. ती ५०० किलो भार वाहणाऱ्या वर्गातली होती आणि जवानाजवळची सामग्री वाढत गेली. बिनतारी संच, त्याच्या बॅटऱ्या, रात्री पाहण्याची उपकरणे, संरक्षक जॅकेट, हे सारे त्याच गाडीत बसवावे लागले. त्यामुळे सैन्याने ८०० किलो भाराची, पक्क्या टपाची आणि वातानुकूलित गाडी मागितली. त्या स्पर्धेतून २०१७ मध्ये टाटाच्या ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांचा करार झाला. दरम्यान नागरी बाजारात सुरक्षिततेचे आणि धुराचे नियम कडक होत गेले आणि २०१९ च्या सुमारास जिप्सीची नागरी विक्री थांबली. सैन्यासाठी ती त्यानंतरही काही काळ बांधली गेली, पण ज्या गाडीला बाजारच उरला नाही तिचे सुटे भाग बनवणारे लहान कारखाने किती दिवस टिकणार, हा हवालदारसाहेबांचाच प्रश्न तिथे उभा राहिला.

दुर्दैवाने सफारी स्टॉर्मचे उत्पादनही तिच्या निर्मात्याने २०१९ च्या अखेरीस थांबवले. म्हणजे नव्याने घेतलेल्या गाडीचा नागरी भाऊ दोन-तीन वर्षांतच गेला. नागरी बाजारातील मॉडेलचे आयुष्य सात-आठ वर्षांचे आणि सैन्याची गरज वीस-पंचवीस वर्षांची, हा विसंवाद कोणाच्या चुकीने आलेला नाही, तो या व्यवहाराच्या मुळाशीच आहे. २०२३ मध्ये १,८५० स्कॉर्पिओंची मागणी जाहीर झाली. मार्च २०२५ च्या अखेरीस संरक्षण मंत्रालयाने सुमारे ५,००० हलक्या गाड्यांसाठी फोर्स मोटर्स आणि महिंद्र या दोघांशी करार केले. त्या गाड्याही ८०० किलो भाराच्या आहेत. दोन पुरवठादार ठेवल्याने एकाचा कारखाना अडला तरी दुसरा चालतो, हा त्यातला लाभ. कणकवलीच्या काकांनी सांगितलेली चौपट फडताळे, ही त्याची किंमत. माझे मत असे की दोन बनावटी पेलता येतात, पण त्या दोनांच्या चार होऊ नयेत, आणि करारातच २० वर्षांच्या सुट्या भागांची हमी, रेखाचित्रांसह, लिहून घ्यावी.

जुनीच गाडी नवी करण्याचा तिसरा मार्गही आहे, पण तो प्रत्येक वेळी स्वस्त पडत नाही. स्वित्झर्लंडने आपले सुमारे २,२०० ड्युरो ट्रक बदलण्याऐवजी नवे इंजिन आणि मागची नवी बॉडी बसवून वापरायचे ठरवले, तेव्हा खर्च ५५.८ कोटी फ्रँकवर गेला, म्हणजे गाडीमागे अडीच लाख फ्रँक, आणि त्यावर तिथे बरीच टीका झाली. ट्रकच्या बाबतीत हे असे. रणगाड्याचे गणित निराळे असते, कारण त्याच्या किमतीचा मोठा भाग पोलाद, तोफ आणि बुरुजात असतो आणि ते लवकर म्हातारे होत नाहीत. आपला टी-७२ ४५ वर्षांपूर्वीचा, ७८० अश्वशक्तीचा. त्याला १,००० अश्वशक्तीची इंजिने बसवण्यासाठी ७ मार्च २०२५ रोजी रशियाच्या निर्यात संस्थेशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला आणि त्यात चेन्नईजवळच्या आवडी येथील रणगाडा कारखान्याला तंत्रज्ञान देण्याचाही समावेश आहे. हा निर्णय मला पटतो. मात्र त्याच न्यायाने हलक्या गाड्यांचे इंजिन बदलत बसणे पटत नाही.

उत्तर ४ : निवृत्त हवालदार, मंडणगड

अध्यापक महोदयांच्या हिशेबाशी मी सहमत आहे. त्यात एकच भर घालतो. नव्या डिझेल इंजिनात संगणक आणि सेन्सर आले आहेत. ज्या इंजिनांना धूर शुद्ध करण्यासाठी युरियाचे द्रावण लागते, त्यांचे ते द्रावण उणे ११ अंशांना गोठते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल आणले आणि त्यामुळे फार मोठी सोय झाली, पण द्रावणाचा प्रश्न डिझेलने सुटत नाही. दुसरे असे की आमच्या काळी मेकॅनिक कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून कोणत्या टॅपेटचा आवाज आहे हे सांगत असे. आता त्याच्या हाती स्कॅनर लागतो, आणि तो स्कॅनर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. गाडी निवडताना स्कॅनरचा आणि सॉफ्टवेअरचा हक्क वर्कशॉपला मिळतो की नाही, हे भाराच्या आकड्याइतक्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजे. नाही तर पूर्वी सीलसाठी १९ दिवस उभी राहिलेली गाडी उद्या पासवर्डसाठी उभी राहील.

आता तुमच्या सुभेदारसाहेबांच्या जिप्सीविषयी. ती गाडी बहुधा कोरड्या प्रदेशात राहिली असणार, म्हणून इतकी वर्षे पत्रा टिकला. कोकणात खारा वारा आणि चार महिन्यांची ओल यांची गाठ पडते. आपले कोळी बांधव पावसाळ्यापूर्वी होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवतात, ते उगीच नाही. उभ्या गाडीचेही तसेच आहे. सैन्यात जी गाडी राखीव म्हणून उभी ठेवतात तिचे वजन टायरवरून काढून लाकडी ठोकळ्यांवर घेतात, बॅटरी उतरवून वेगळी जपतात आणि ठरावीक दिवसांनी इंजिन फिरवतात, कारण वापराविना रबर कडक होते आणि सील कोरडे पडते. तुम्ही पायाखालची जाड रबरी चटई उचलून पाहा. तिच्याखाली पाणी साठत असेल आणि पाणी जाण्याची भोके चिखलाने बुजलेली असतील. आधी भोके मोकळी करा, मग पत्रा कापून जोड द्या. वरून नुसता डांबरी लेप मारलात तर आतून कुजणे चालूच राहील.

प्रश्नकर्ता : संगमेश्वरचा गॅरेजवाला

आज सकाळी चटई काढली. हवालदारसाहेबांनी लिहिले तसेच निघाले. चारही भोकांत जांभ्याची लाल माती अशी घट्ट बसली होती की ती तारेने टोकरून काढावी लागली, आणि डाव्या बाजूच्या भोकातून पेलाभर पाणी खाली आले. पत्र्याचा सुमारे हातभर तुकडा कापून नवा जोडला आहे, आतून झिंक प्रायमरचे दोन हात दिले आहेत आणि दुसरा हात वाळतो आहे. सुभेदारसाहेबांना मी चटईऐवजी उचलता येईल अशी लाकडी फळ्यांची जाळी सुचवली आणि ती त्यांना पसंत पडली. या जिप्सीसाठी मागच्या हबचे सील मात्र रत्नागिरीत दोन दुकानांत मिळाले नाही. कोल्हापूरला एकाकडे तीन शिल्लक आहेत असे कळले, ती तिन्ही मागवली आहेत.